मानेवाडा रोडकडचं टिनाचं गॅरेज: ३८० रुपयांत गाडी सुधरली, जपान-इटलीचा हिशोब फुकटात

आधीच सांगून टाकतो, गॅरेजचं नाव अन् नंबर देणार नाही, कारण मिस्त्रींनीच सांगितलं की लिहायचं तर लिह भाऊ पण नाव नको टाकू, आधीच दहा-बारा गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात अन् शेजारचा रोज भांडायला येते. ज्यांना शोधायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच, नागपूरच्या मानेवाडा रोडवरून आत वळायचं, चक्कीच्या बाजूला टिनाचं शेड आहे, समोर कडुनिंब आहे अन् कडुनिंबाला जुने टायर लटकवलेले आहेत. त्या भागातल्या कोणालाही विचारा, सांगतील.

मी तिथं गेलो ते नाइलाजानं. माझी मोटरसायकल २०२१ ची, बीएस-सिक्स म्हणजे धुराच्या नव्या नियमाची, कंपनीचं नाव राहू द्या कारण मुद्दा कंपनीचा नाहीच. झालं असं की मे महिन्यात भर दुपारी अजनी चौकाच्या सिग्नलवर गाडी बंद पडली, मीटरवर पिवळा लाइट, सेल्फ मारला तर नुसतं कट-कट, मागून हॉर्न, वरून ४५ डिग्री, पाच मिनिटं ढकलत सावलीत नेली तर मग चालू झाली जसं काही झालंच नाही. दोन दिवसांनी पुन्हा. मग ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटर, तिथं एसी, कॉफीचं मशीन, सोफा, टाय घातलेला पोरगा, सगळं मस्त. तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी सांगितलं की ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, बदलावा लागेल, १४ हजार, पार्ट बाहेरून येणार, तीन आठवडे धरा. अन् घरी पोचायच्या आत फोन, सर सर्व्हिस कशी वाटली, दहापैकी दहा द्या ना प्लीज.

ऑफिसमधल्या एकानं या मिस्त्रींचा पत्ता दिला. गेलो तेव्हा ते एका जुन्या स्प्लेंडरचं हेड उघडून बसले होते, माझ्याकडे पाहिलंच नाही, फक्त विचारलं, "थंडी असताना बंद पडते का गरम झाल्यावर?" गरम झाल्यावर, म्हटलं. "लाइट लावून का बिना लाइटची?" मी म्हटलं आता लाइट बंदच होत नाही ना काका, २०१७ पासून सगळ्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनासोबत चालूच राहते. तर हसले अन् म्हणे, "तेच तर."

मग भाच्याला आवाज दिला. भाचा, वय बावीस-तेवीस, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, हातात एक छोटा स्कॅनर, चिनी बनावटीचा, ऑनलाइन मागवलेला. सीटखालचा तो सहा पिनांचा लाल सॉकेट काढला, लावला, कोड आला पी-०५६२. म्हणजे सिस्टिमचा व्होल्टेज कमी. माझ्या माहितीप्रमाणे सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवरही हाच कोड आला असणार, त्यांचा स्कॅनर तर याच्या पाच पट महाग. मिस्त्रींनी स्कॅनरकडे पाहिलं अन् जे बोलले ते मी तसंच लिहितो: "हे पाय भाऊ, कोड बिमारी नाई सांगत. कोड फक्त सांगते का पेशंट कुठं हात ठेवून रडून राह्यला. आता नाडी तर आपल्यालेच पाहा लागते ना."

नाडी म्हणजे जुना मल्टिमीटर. बॅटरीवर लावला, इंजिन चालू, १२.३. रेस वाढवली, १४ च्या आसपास जायला पाहिजे, तर तिथंच. मग साइड पॅनल काढून आरआर युनिटचा, म्हणजे जे बॅटरी चार्ज करते त्या रेग्युलेटरचा, कप्लर (वायर जोडायचा प्लग) बाहेर ओढला तर एक पिन काळी ठिक्कर अन् प्लास्टिक वितळून लोण्यासारखं बसलेलं. गरमीत अजून सैल होत असेल, चार्जिंग बंद, बॅटरी उतरत जाते, व्होल्टेज पडला की ईसीयू बिचारा डोळे मिटून घेते. ईसीयूचा यात काहीच गुन्हा नव्हता. कप्लर कापला, नवीन बसवला, अर्थिंगची वायर चेसिसवर जिथं बसते तिथला गंज घासला. कप्लरचे ८०, मजुरी ३००. त्यानंतर मी रामटेकला जाऊन आलो, चिखलदऱ्याचा घाट चढून आलो, अख्खा उन्हाळा निघाला, एकदाही बंद नाही.

इथपर्यंतचा रिव्ह्यू म्हणजे पाच स्टार अन् नमस्कार. पण मी त्या दिवशी दोन तास तिथं बसलो (बसायला एक सीट आहे, कुठल्यातरी कबाडात गेलेल्या मारुती व्हॅनची) अन् तिथं भिंतीवर जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भिंतीवर प्लायची एक मोठी पाटी आहे अन् तिच्यावर मेलेले पार्ट खिळ्यांनी ठोकलेले आहेत. कार्बोरेटर, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा), पॉइंट-कंडेन्सर, क्लच प्लेटा, ब्रेक कॅलिपर. मला वाटलं शोभेसाठी. तर नाही, मिस्त्री नवीन पोराला यावरच शिकवतात. अन् खाली खडूनं साल. सर्वात वरती राजदूतचा कार्बोरेटर, मग एक आरएक्स-१०० चा, त्याच्यावर मिकुनी (जपानची कार्बोरेटर कंपनी) लिहिलेलं, मग जुन्या हिरो होंडाचा सीडीआय, मग पल्सरची दोन प्लगवाली हेड, अन् शेवटी एक कॅलिपर ज्यावर बायब्रे कोरलंय. मी विचारलं हे बायब्रे काय, तर म्हणे इटलीची ब्रेम्बो आहे ना रेसिंगवाली, तिनं छोट्या गाड्यांसाठी वेगळं नाव काढलं, बाय ब्रेम्बो म्हणून बायब्रे, अन् बनते पुण्याकडे.

आता माझं डोकं असं आहे की मी अकाउंट्सचा माणूस, मला कंपन्या म्हणजे बॅलन्स शीट. पण त्या पाटीसमोर उभं राहून मिस्त्रींनी जी गोष्ट सांगितली ती मला कोणत्याच ॲन्युअल रिपोर्टमध्ये इतकी सरळ वाचायला मिळाली नव्हती, की बाहेरच्या देशाचं तंत्र आपल्याकडे आलं तर कोण शिकलं अन् कोण नुसतं विकत बसलं. घरी येऊन सालं-बिलं मी तपासून घेतली, मिस्त्रींची एक-दोन साल सोडून बाकी बरोबर निघाली.

राजदूत १७५ मुळात पोलंडची. एसएचएल नावाच्या गाडीवरून एस्कॉर्ट्सनं इथं बनवली, अन् गावोगावी दूधवाल्यांनी वर्षानुवर्षं चालवली. १९८३ ला त्याच एस्कॉर्ट्सनं यामाहासोबत राजदूत ३५० काढली, मग १९८५ ला आरएक्स-१००, सुरवातीच्या गाड्या तर जपानहून सुट्या भागांत येऊन इथं जोडल्या गेल्या. आमच्या मामाकडे आरएक्स होती, सक्करदऱ्यात तिचा आवाज आला की आजी चहा ठेवायची, एवढा पक्का आवाज. अख्ख्या भारतात त्या गाडीसाठी आजही लोक वेडे आहेत. पण एस्कॉर्ट्सचं काय झालं? १९९० च्या दशकात अर्धी-अर्धी भागीदारी झाली, मग यामाहाकडे ७४ टक्के, २००१ ला पूर्ण कंपनीच यामाहाची. एस्कॉर्ट्स मोटरसायकलच्या धंद्यातून बाहेर. मिस्त्री म्हणाले, "गाडी नंबर एक होती. पण ते इंजिन उघडून पुढचं इंजिन काढणारा माणूस इथं तयार नाई झाला." आता एस्कॉर्ट्स ट्रॅक्टरमध्ये आहे अन् तिथंही २०२२ पासून नाव एस्कॉर्ट्स कुबोटा, म्हणजे कारभार जपानीच. तिथं इंजिनिअर काय करतात ते मला काही कळत नाही, ट्रॅक्टर माझा विषय नाही.

हिरो होंडाचं मात्र मी मिस्त्रींशी थोडं भांडलो. आमच्या बाबांकडे सीडी-१०० होती अन् नंतर स्प्लेंडर, बाबांची श्रद्धा गजानन महाराजांच्या खालोखाल स्प्लेंडरवर. फिल इट, शट इट, फर्गेट इट, ही जाहिरात बाबांनी शब्दशः घेतली होती, तेल बदलायचंही फर्गेट. १९८४ ला हिरो अन् होंडा एकत्र आले, १९८५ ला सीडी-१००, १९९४ ला स्प्लेंडर. २६ वर्षांचा संसार, अन् २०१० च्या डिसेंबरात घटस्फोट जाहीर. आता २६ वर्षं म्हणजे काही कमी नाही ना जी, पोरगं जन्माला येऊन इंजिनिअर होऊन लग्न करून मोकळं होते. पण या सगळ्या काळात इंजिनाचं डिझाइन जपानहून यायचं, रॉयल्टी तिकडे जायची अन् बाहेर गाड्या विकायच्या तर मोजक्याच देशांत परवानगी. अन् गंमत अशी की १९९९ मध्येच होंडानं स्वतःची वेगळी कंपनी इथं काढली होती, म्हणजे बायकोला माहीत होतं की नवऱ्यानं शेजारी दुसरं घर बांधायला घेतलंय.

मिस्त्रींचं म्हणणं की हिरोनं काहीच शिकलं नाही. माझं म्हणणं वेगळं. बनवायचं कसं, म्हणजे दिवसाला हजारो गाड्या एकसारख्या, स्वस्तात, ते हिरो जबरदस्त शिकली, बाबांची स्प्लेंडर उगाच वीस वर्षं नाही चालली. फक्त नवीन काय बनवायचं अन् आतून ते कसं ठरवायचं हे शिकायचं राहून गेलं, कारण ते शिकायची गरजच नाही पडली. पाहुणा गेल्यावर कळते ना घरात स्वयंपाक कोणाला येतो. मग २०११ नंतर धावपळ, अमेरिकेच्या एरिक ब्युएलच्या कंपनीत पैसे टाकले तर ती कंपनी २०१५ मध्ये डबघाईला आली, दुसरीकडे इंजिनासाठी ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या सल्लागार कंपनीची मदत, २०१६ ला जयपूरकडे स्वतःचं मोठं संशोधन केंद्र. अन् २०२३ ला हार्लेची एक्स-४४० हिरोनंच बनवली. म्हणजे उशिरा का होईना शिकायला बसले. मिस्त्री यावर फक्त "हूं" म्हणाले अन् स्प्लेंडरच्या वॉल्व्हला पेस्ट लावत राहिले.

बजाजची गोष्ट मिस्त्रींच्या आवडीची, कारण त्यांनी शिकायला सुरवात चेतकवर केली. इटलीच्या पियाजिओचं लायसन्स, आधी व्हेस्पाच यायच्या, मग इथं बनायच्या, १९७१ ला ते लायसन्स संपलं अन् १९७२ ला चेतक आली. इथं लोक म्हणतात की चेतक म्हणजे व्हेस्पाच, नाव बदलून. बरोबर आहे, खोटं नाही. पण लायसन्स संपल्यावर तीच गाडी पुढची तीस-पस्तीस वर्षं स्वतःच्या दमावर बनवत राहायची, तिचे सप्लायर उभे करायचे, यातच हात बसत जाते. तरी मिस्त्री म्हणतात त्या काळात बजाजला गाडी सुधरायची काय गरज, चेतकला वर्षानुवर्षं वेटिंग असायचं, आमच्या बाजूच्या कुलकर्णी काकूंनी तर लग्नाआधी नंबर लावला अन् पोरगी बालवाडीत गेल्यावर गाडी आली, असं आई सांगते.

मग कावासाकी. १९८६ ला केबी-१००, नंतर बॉक्सर, कॅलिबर. अन् इथं बजाजनं जे केलं ते मिस्त्रींनी पाटीवरच्या त्या दोन प्लगच्या हेडवर बोट ठेवून सांगितलं. कावासाकीसोबत राहूनच आपला वेगळा वर्ग बसवला. पल्सर २००१ मध्ये आली तेव्हा ती कावासाकीची नव्हती, बजाजच्या स्वतःच्या माणसांनी केली होती अन् जिथं अडलं तिथं बाहेरून शिकवणी लावली, जपानची टोकियो आर अँड डी म्हणून सल्लागार कंपनी घेतली, पुढे डिझाइनला ग्लिन कर नावाचा इंग्रज. २००३ ला त्यात डीटीएस-आय, म्हणजे एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. या दोन प्लगवरून तर बजाज अन् टीव्हीएस २००७ पासून कोर्टात भांडले, पेटंटवरून. एके काळी दोघंही दुसऱ्याचं डिझाइन लायसन्सवर बनवायचे अन् वीस वर्षांत एकमेकांशी पेटंटसाठी कोर्टात, हे ऐकून मला तर भारीच वाटलं.

अन् मग २००७ ला उलटाच डाव. ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये बजाजनं साडेचौदा टक्के घेतले. तिथले इंजिनिअर अन् इथले इंजिनिअर मिळून छोटी ड्यूक केली, २०१२ ला २०० ड्यूक इथं आली, बनते चाकणला अन् विकायला जाते युरोपात. ट्रायम्फची स्पीड ४०० पण २०२३ पासून चाकणलाच. हे सगळं मिस्त्री सांगत होते तेव्हा भाचा मध्येच म्हणाला, "मामा, केटीएम तर आता आपलीच झाली." खरं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात केटीएमनं तिकडे दिवाळखोरीचा अर्ज केला, मग २०२५ मध्ये बजाजनं ८० कोटी युरोची सोय करून ताबा घेतला. मला अकाउंट्सवाला म्हणून यात धोकाही दिसते, बुडती नाव विकत घेणं म्हणजे काही देवाचा प्रसाद नाही, हा पैसा कधी वसूल होणार कोण जाणे. पण मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते पोरगं फॉरेनला सेटल झाल्यावर येते तसं होतं.

टीव्हीएसबद्दल मला फारसं माहीत नव्हतं. १९८२ ला सुझुकीसोबत भागीदारी, मग आमच्या कॉलेजच्या दिवसातल्या समुराय अन् शोगन, २००१ ला सुझुकीशी फारकत. अन् त्याच वर्षी व्हिक्टर, स्वतःची. म्हणजे सुझुकी जाण्याआधीच यांचा अभ्यास चालू होता, एका वर्षात काही इंजिन होत नाही. पुढच्याच वर्षी, २००२ ला, जपानचा डेमिंग पुरस्कार मिळाला कंपनीला, क्वालिटीसाठी. जपान्याशी फारकत घेऊन जपानचंच बक्षीस, वा रे वा. २०१३ ला बीएमडब्ल्यूशी करार, होसूरला बीएमडब्ल्यूची छोटी ३१० बनायला लागली अन् त्याच इंजिनावर टीव्हीएसनं २०१७ च्या डिसेंबरात स्वतःची आरआर ३१० काढली. मिस्त्री म्हणतात त्या गाड्यांनंतर टीव्हीएसच्या साध्या गाड्यांचीपण फिटिंग बदलली, बोल्ट कसायचा टॉर्क काय, वायरिंग कुठून फिरवायची, रबर कुठं लावायचं. हे त्यांचं निरीक्षण आहे, मी काही तपासू शकत नाही, पण रोज गाड्या उघडणाऱ्या माणसाचं आहे.

कायनेटिक होंडा आठवते का? सेल्फ स्टार्ट, गिअर नाही, धरमपेठ-गोकुळपेठकडच्या सगळ्या मॅडम, टीचर, डॉक्टरीण बाई त्याच गाडीवर. १९९८ ला होंडानं हिस्सा विकला, कायनेटिकवाल्या फिरोदियांकडे गाडी राहिली पण पुढची गाडी काही तशी आली नाही, २००८ ला धंदा महिंद्राकडे गेला. पाटीवर तिचा एकच पार्ट आहे, व्हेरिएटरचे (गिअरऐवजी जे असते त्याचे) गोल रोलर, खाली खडूनं लिहिलंय "लवकर गेली".

मिस्त्रींच्या एका गोष्टीवर मात्र मी तेव्हाही सहमत नव्हतो अन् आजही नाही. ते सगळं जिद्दीवर नेतात. याले शिकायचं होतं म्हणून हा शिकला, त्याले नाई शिकायचं होतं. अरे पण काका, सरकारचीही अट होती ना त्या काळी, की बाहेरून पार्ट आणत बसायचं नाही, टप्प्याटप्प्यानं इथं बनवायचे, त्यामुळे जपानी कंपन्यांना इथले सप्लायर झक मारून शिकवावे लागले. कार्बोरेटर बनवणारा, शॉकअप बनवणारा, कास्टिंगवाला, सगळे शिकले. औरंगाबादच्या वाळूजला बजाज १९८५ मध्ये गेली अन् तिच्या मागं सप्लायर गेले, त्यातली एन्ड्युरन्स आता इतकी मोठी की २०२० मध्ये तिनं इटलीची क्लच बनवणारी ॲडलर विकत घेतली. पार्ट बनवणारा वाळूजचा अन् तोच इटलीतल्या कंपनीचा मालक. हे एकट्या कोणाच्या जिद्दीनं होत नाही, आजूबाजूला वस्ती लागते. अन् हाच तर आपल्या नागपूरचा प्रॉब्लेम आहे. मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ चे फ्लोअर बीम बनले, कंपोझिटचे, केवढी अभिमानाची गोष्ट, पण त्याच्या आजूबाजूला हिंगण्यात अन् बुटीबोरीत किती छोट्या वर्कशॉपना त्यातलं काही काम मिळालं, काही शिकायला मिळालं, असं विचारलं तर माझ्या ओळखीतले दोन-तीन वर्कशॉपवाले खांदे उडवतात. विमान वरून जाते, आपण खालून पाहतो. असो. हे गॅरेजच्या रिव्ह्यूत येत नाही, पण आलं.

परत गॅरेजवर. मिस्त्रींचं स्वतःचं शिक्षण कसं झालं ते पण ऐकण्यासारखं आहे. आठवी नापास, चेतकच्या गॅरेजात पोऱ्या, मग एका डीलरकडे हेल्पर, तिथून कंपनीच्या ट्रेनिंगला पाठवलं. म्हणतात, आठ दिवसांचं ट्रेनिंग होतं, सात दिवस नुसतं सांगितलं की काय बदलायचं, आठव्या दिवशी एका म्हाताऱ्या इंजिनिअरनं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की ते का खराब होते. तो अर्धा तास त्यांना अजून पाठ आहे. २०२० ला बीएस-सिक्स आलं अन् कार्बोरेटर जाऊन सेन्सरवालं फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा आजूबाजूच्या कितीतरी गॅरेजवाल्यांनी हात टेकले, नवीन गाडी आली की कंपनीत घेऊन जा म्हणून परत पाठवायचे. यांनी कबाडातून एक अपघाताची इंजेक्शनवाली गाडी घेतली अन् लॉकडाऊनमध्ये मामा-भाच्यानं ती पूर्ण उघडून टेबलावर मांडली, एकेक सेन्सर काढून पाहायचा की गाडी काय करते. टेबल अजून आहे तिथं, इंजिनासकट. सर्व्हिस सेंटरच्या पोराला स्क्रीन जे म्हणेल ते बदलायचं एवढंच सांगितलेलं असते, त्याला तरी का दोष द्या, त्याला टेबलावरची गाडी कोणी दिलीच नाही.

भाचा तर अजून पुढचा. मोबाइलवर व्हिडिओ पाहून राहिला होता, मी डोकावलो तर कोणी मिस्त्री पल्सर उघडून स्पॅनिशमध्ये फडाफड बोलतोय. कोलंबियाचा! तिकडे पल्सर म्हणे खूप चालते. भाच्याला स्पॅनिश येत नाही, पण म्हणतो भाषेची काय गरज भाऊ, हात पाहायचा, तो पाना कुठं लावते ते पाहायचं. घाटात चालणाऱ्या गाड्यांचे क्लच कसे जातात ते त्याला त्या कोलंबियावाल्यामुळे कळलं, अन् माझ्या चिखलदऱ्याच्या प्लॅनवर त्यानं त्यावरूनच सल्ला दिला की उतारावर क्लच दाबून नको ठेवू. इटलीहून पुण्याला आलं, पुण्याहून कोलंबियाला गेलं अन् तिथून मानेवाड्याला परत.

आता तक्रारी, कारण आहेत अन् भरपूर आहेत. फोन उचलत नाहीत, कधीच नाही. "संध्याकाळी घेऊन जा" म्हणजे कोणत्या दिवशीची संध्याकाळ ते विचारून घ्या. बिल मागितलं तर पार्टच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्यावर आकडा लिहून देतात, ऑफिसमध्ये लावायचं असेल तर विसरा. मे महिन्यात त्या टिनाखाली बसणं म्हणजे स्वतःला तंदुरीत लावून घेणं, पाण्याचा माठ आहे तेवढंच सुख. एकदा एका नवीन पोऱ्यानं माझी चेन इतकी कसली की गाडी घरापर्यंत कुरकुरत गेली, दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पाहिलं, त्या पोराला माझ्यासमोर ओरडले नाहीत, फक्त पाटीवरचं घासलेलं स्प्रॉकेट काढून त्याच्या हातात दिलं अन् माझी चेन फुकट नीट केली. अन् बोलणं फार, तुम्हाला घाई असेल तर हिरो होंडाचा विषय काढूच नका.

भाव वाजवी आहेत, साधी सर्व्हिसिंग ३५० ते ४५० मजुरी, तेल-फिल्टर वेगळं, ओरिजिनल पार्ट तुम्ही स्वतः आणला तरी तोंड वाकडं करत नाहीत. यूपीआय भाच्याच्या नंबरवर. मंगळवारी बंद. सकाळी साडेनऊच्या आत गेलात तर नंबर लागते, त्याआधी कोपऱ्यावर तर्रीपोहे खाऊन घ्या कारण मग बारा वाजेपर्यंत सुटका नाही. माझ्याकडून पाचपैकी चार, एक स्टार फोनचा कापला.

इलेक्ट्रिक गाडी मात्र नेऊ नका, अजून घेत नाहीत. मागच्या आठवड्यात गेलो होतो तर टेबलावर इंजिनाच्या बाजूला कुठल्यातरी ई-स्कूटरचा कंट्रोलर उघडा पडलेला होता, आतून काळ्या डांबरासारखं काहीतरी भरलेलं, वर चिनी अक्षरं. भाचा हीटगननं ते डांबर वितळवून चिमट्यानं हळूहळू काढून राहिला होता अन् मिस्त्री चष्मा लावून बाजूला उभे. मी विचारलं काय काका, काय सापडलं? म्हणे, "थांब ना बे, अजून झाकणच तर उघडलं."